प्राण्यांच्या भौगोलिक वितरणावरील पुस्तकाची आखणी कोठून सुरू करावी?

तुम्ही महाविद्यालयात प्राणिशास्त्र शिकवता, प्राण्यांच्या भौगोलिक वितरणावर मराठीत सुमारे ३०० पानांचे पुस्तक लिहिण्याचा तुमचा संकल्प आहे, आणि आखणीबाबत तुम्ही तीन प्रश्न विचारले आहेत: पुस्तक साऱ्या जगाचे करावे की आपल्या भागाचे, त्याची मांडणी प्रदेशवार करावी की प्राणिगटवार, आणि नकाशे केव्हा काढायला घ्यावेत. नमुन्यांच्या याद्या करणे, सर्वेक्षणांचे अहवाल तपासणे आणि अशा पुस्तकांची हस्तलिखिते वाचून त्यांवर शेरे लिहिणे यांत माझी तीसएक वर्षे गेली आहेत. त्या बळावर उत्तर देताना मी तुमच्या तिसऱ्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरे त्याच्याच पोटात आहेत. नकाशे सर्वांत शेवटी काढावेत. पुस्तकाचे काम एका नोंदीपासून सुरू करावे: कोणता प्राणी, कोणत्या ठिकाणी, कोणत्या तारखेला, कोणी पाहिला अथवा धरला, आणि तो तोच आहे हे कशावरून ठरवले. या पाच गोष्टी एकत्र नसतील, तर ती नोंद नव्हे, ऐकीव माहिती होय. तिचाही उपयोग असतो, पण ती वेगळ्या वहीत ठेवावी.

हा आग्रह कशासाठी, हे कळायचे असेल तर एखाद्या जुन्या संग्रहातील खण उघडून पाहा. आत कापूस भरलेले पक्ष्याचे कातडे पाठीवर निजवलेले असते, पाय एकमेकांवर बांधलेले असतात, आणि त्याच दोऱ्याला दोन चिठ्ठ्या लोंबत असतात. एक लहानशी, पिवळी पडलेली, शाई फिकी झालेली, पक्षी मारला त्याच संध्याकाळी तंबूत बसून लिहिलेली. दुसरी संग्रहालयाची, छापील चौकटीची, सुबक अक्षरातील, कित्येक वर्षांनी भलत्याच कोणी उतरवून काढलेली. पहिलीवर गावाचे नाव असते, दुसरीवर पुष्कळदा फक्त जिल्ह्याचे, आणि क्वचित ज्या बंदरातून पेटी जहाजावर चढली त्या बंदराचे. चिठ्ठीवर ‘मुंबई’ लिहिले आहे म्हणून तो प्राणी मुंबईत राहत होता असे धरून चालणारे लेखक मी पाहिले आहेत, आणि त्यांचे नकाशे पुढे चाळीस-चाळीस वर्षे इतरांनी गिरवलेलेही पाहिले आहेत.

या शास्त्राचा पाया ज्याने घातला, त्या आल्फ्रेड रसेल वॉलेसची पहिली तक्रार नेमकी हीच होती. ॲमेझॉनच्या खोऱ्यात चार वर्षे काढून १८५२ मध्ये तो इंग्लंडला परतत असताना जहाजाला आग लागली आणि त्याचा मोठा संग्रह समुद्रात गेला; तरीही त्याच वर्षी त्याने तिथल्या माकडांवर एक निबंध वाचला. मोठ्या नद्यांच्या एका काठावर एक माकड आणि दुसऱ्या काठावर त्याचेच जवळचे पण वेगळे भावंड, असे त्याने त्यात दाखवले, आणि हे आजवर कोणाच्या लक्षात का आले नाही याचे कारणही सांगितले. संग्रहालयांतील चिठ्ठ्यांवर ‘दक्षिण अमेरिका’, ‘ब्राझील’, ‘पेरू’ एवढेच लिहिलेले असे. कोठे नदीचे नाव आढळले तर नशीब समजायचे, आणि नदीचा कोणता काठ हे तर कोणीच लिहीत नसे. त्याच्या आधी गालापागोस बेटांवर गेलेल्या डार्विननेही दोन बेटांवरचे नमुने एकमेकांत मिसळून टाकले होते. बेटागणिक कासव वेगळे असते हे तिथल्या अधिकाऱ्याने त्याला सांगितले, पण त्याचे महत्त्व त्याला उशिरा उमगले, आणि ती चूक त्याने स्वतःच छापून कबूल केली. ठिकाण पुसले गेले की प्राणी हाती राहतो, पण त्याच्याविषयीचा प्रश्न हातून निसटतो.

आपल्याकडचे उदाहरण रानपिंगळ्याचे आहे, आणि ते तुम्ही पुस्तकाच्या पहिल्याच प्रकरणात घ्यावे असे मला मनापासून वाटते. पक्षितज्ज्ञ ॲलन ह्यूमने १८७३ मध्ये या लहानशा घुबडाचे वर्णन केले. त्यानंतर जेम्स डेव्हिडसनने खानदेशात, शहाद्याच्या परिसरात, काही नमुने मिळवले. १८८४ नंतर खरा नमुना कोणालाच मिळाला नाही. मात्र कर्नल माइनर्ट्‌झहागेन या नामवंत संग्राहकाच्या संग्रहात एक कातडे होते, आणि त्याच्या चिठ्ठीवर १९१४ साल व गुजरातेतील तापीकाठचे मांडवी हे ठिकाण लिहिलेले होते. ती चिठ्ठी खरी मानली गेली. पुढे पक्षितज्ज्ञ पामेला रासमुसेन यांनी कातडे भरण्याच्या पद्धतीचा बारकाईने अभ्यास करून दाखवून दिले की, तो नमुना डेव्हिडसनचाच होता, ब्रिटनच्या संग्रहालयातून उचलून, पुन्हा भरून, त्यावर नवी चिठ्ठी बांधलेली होती. मग त्या आणि त्यांचे सहकारी खोट्या चिठ्ठीचा नाद सोडून खऱ्या चिठ्ठ्यांवरच्या ठिकाणांकडे वळले, आणि नोव्हेंबर १९९७ मध्ये शहाद्याजवळच्या टेकड्यांत, ११३ वर्षांनी, जिवंत रानपिंगळा दिसला. एका खोट्या नोंदीने एक जात कित्येक वर्षे भलत्याच जागी शोधायला लावली आणि खऱ्या नोंदींनी ती शोधून दिली. नोंद म्हणजे काय हे वाचकाला समजावून सांगायला याहून चांगली गोष्ट मला ठाऊक नाही.

गावोगावी विचारून मिळणाऱ्या माहितीलाही हीच कसोटी लावावी लागते, आणि तिथे अडचण भाषेची असते. जुन्नरकडच्या शेतकऱ्याने ‘काल उसात वाघ बसला होता’ असे सांगितले तर तो बिबट्याविषयी बोलतो आहे. पट्टेवाल्याविषयी बोलायचे असेल तर तो ‘ढाण्या वाघ’ किंवा ‘पट्ट्याचा वाघ’ म्हणेल. कोल्हा आणि खोकड यांची अदलाबदल तर छापील पुस्तकांतही होते. म्हणून तोंडी नोंद घेताना स्थानिक नाव जसेच्या तसे लिहून ठेवावे, त्याचे शास्त्रीय नाव आपल्या मनाने लगेच जोडू नये, आणि अंगाचा आकार, शेपटी, ठसे, विष्ठा असे प्रश्न विचारून मगच निर्णय करावा. जुने जिल्हा गॅझेटियर वाचतानाही हेच पथ्य पाळावे. त्यांतील प्राण्यांची यादी मोलाची आहे, पण ती करणाऱ्याने स्वतः काय पाहिले आणि शिकाऱ्यांकडून काय ऐकले हे तिच्यात बहुधा वेगळे केलेले नसते.

आता मांडणीचा प्रश्न. प्रदेशवार की गटवार, हा पेच वॉलेसपुढेही होता. डार्विन आणि प्राणिशास्त्रज्ञ स्क्लेटर व न्यूटन या मित्रांच्या आग्रहावरून १८७२ च्या सुमारास त्याने प्राण्यांच्या वितरणाचा साकल्याने आढावा घ्यायला सुरुवात केली, आणि १८७६ मध्ये त्याचे दोन खंड प्रसिद्ध झाले. त्या ग्रंथाचे चार भाग आहेत. पहिल्यात वितरणाची तत्त्वे, दुसऱ्यात नामशेष झालेले प्राणी, तिसऱ्यात एकेका प्रदेशात कोणते प्राणी राहतात याचा आढावा, आणि चौथ्यात एकेक कुल (जवळच्या वंशांचा मोठा गट) घेऊन ते कोणकोणत्या प्रदेशांत पसरले आहे याची मांडणी. म्हणजे एकच माहिती त्याने दोनदा, दोन दिशांनी मांडली. वरवर पाहता ही पुनरुक्ती वाटते. मला मात्र ती त्या ग्रंथाची सर्वांत शहाणपणाची बाजू वाटते, कारण वाचक दोन प्रकारचे असतात. एक विचारतो, ‘मी अमुक ठिकाणी जातो आहे, तिथे मला काय भेटेल?’ दुसरा विचारतो, ‘हा प्राणी आणखी कोठे कोठे असतो, आणि तिथेच का?’ पहिल्याला गटवार पुस्तक निरुपयोगी आणि दुसऱ्याला प्रदेशवार पुस्तक अपुरे. तुमच्या ३०० पानांत दोन्ही बसवता येईल: सुमारे दीडशे पाने प्रदेशवार वर्णनाला द्यावीत, आणि ऐंशी-नव्वद पानांत गटवार भाग तक्त्यांच्या रूपाने आटोपशीर ठेवावा. तक्त्यांना भिऊ नये. विद्यार्थी प्रवेश घेतात वर्णनातून, पण दहा वर्षांनी पुस्तक पुन्हा हातात घेतात ते तक्त्यासाठी.

वॉलेसच्या कामाची दुसरी बाजू फारशी सांगितली जात नाही. सुरुवात केल्यावर त्याचे काम रखडले, आणि ते आळसामुळे नव्हे. अनेक प्राणिगटांचे वर्गीकरणच त्या काळी उलटेपालटे होत होते. काही गटांच्या वर्गीकरणावर नवी पुस्तके आल्यावर, १८७४ मध्ये, त्याने पुन्हा जोमाने हात घातला. शिवाय आपल्या तक्त्यांचा मुख्य आधार त्याने जाती न ठेवता वंश (जवळच्या जातींचे गट) आणि कुले ठेवला, कारण जातींची नावे वर्षागणिक बदलत असली तरी कुले त्या मानाने स्थिर राहतात. तुमच्यापुढेही हाच प्रश्न येणार आहे, आणि तो किती जवळ आला आहे ते साताऱ्याच्या पठारावर कळते. गळ्याखाली पंख्यासारखी रंगीत झालर उघडणारा लहान सरडा आपल्या माळरानांवर सर्वत्र दिसतो. पूर्वीच्या बहुतेक पुस्तकांत हा साऱ्या द्वीपकल्पावर पसरलेला सिताना वंशाचा सरडा म्हणून एका ओळीत आटपलेला असे. २०१६ मध्ये त्याच्या आनुवंशिक आणि शारीरिक तपासणीतून त्यातल्या भडक झालरीच्या सरड्यांसाठी सारडा हा स्वतंत्र वंश करण्यात आला, आणि त्यातली सारडा सुपर्बा ही जात चाळकेवाडीच्या पठारावरून वर्णिली गेली. म्हणजे ज्याचा नकाशा कालपर्यंत निम्म्या भारतावर रंगवलेला होता, त्याच्या जागी आज काही मोठे, काही अगदी चिमुकले ठिपके आले. नकाशे शेवटी काढा असे मी म्हणतो ते यासाठीही. नोंद ‘चाळकेवाडी, अमुक तारीख, नर, झालर निळी-काळी-नारिंगी, छायाचित्र आहे’ अशी असेल, तर नाव बदलले तरी तीच नोंद नव्या नावाखाली सरकवता येते. नोंदच ‘दख्खनचे पठार’ एवढी असेल, तर ती टाकून देण्यावाचून गत्यंतर नाही.

व्याप्तीविषयी माझे मत स्पष्ट आहे. साऱ्या जगाचे पुस्तक मराठीत यायला हवे ही तुमची तळमळ मला समजते, पण ३०० पानांत साऱ्या जगाचा आढावा घेतला तर तो विश्वकोशातल्या नोंदीसारखा होईल, आणि तुम्ही स्वतः न तपासलेल्या नोंदींवर उभा राहील. जगाला साठ पाने द्या. त्यांत स्क्लेटरने १८५७-५८ मध्ये पक्ष्यांच्या आधारे सुचवलेले आणि वॉलेसने सस्तन प्राण्यांना व इतर गटांना लावून पाहिलेले सहा प्रदेश येऊ द्या: पॅलिआर्क्टिक (युरोप, उत्तर आशिया, उत्तर आफ्रिका), निआर्क्टिक (उत्तर अमेरिका), निओट्रॉपिकल (मध्य व दक्षिण अमेरिका), इथिओपियन (सहाराच्या दक्षिणेकडचा आफ्रिका), ओरिएंटल (भारत व आग्नेय आशिया) आणि ऑस्ट्रेलियन. त्यांच्या शेजारी २०१३ चा अभ्यास ठेवा, ज्यात उभयचर, पक्षी आणि सस्तन प्राणी यांच्या २१,०३७ जातींचे वितरण आणि त्यांची नाती एकत्र मोजून जगाचे २० प्रदेश आणि ११ महाप्रदेश पाडण्यात आले. सहाचे अकरा का झाले, हे समजावून सांगितले तरी जगाविषयीचा भाग सार्थकी लागतो. उरलेले सर्व पुस्तक मात्र नर्मदेच्या दक्षिणेकडच्या द्वीपकल्पाचे असू द्या, आणि त्यातही सह्याद्री, सातपुडा आणि त्यांच्यामधले कोरडे पठार यांना झुकते माप द्या. ही निवड प्रादेशिक अभिमानापोटी मी सुचवत नाही. शंका आल्यास शनिवार-रविवारी जाऊन तुम्ही तपासू शकाल असा हा भाग आहे, आणि वाचकही तुमचे विधान स्वतः पडताळून पाहू शकेल.

कोणते गट घ्यावेत? ज्यांना समुद्र, नदी किंवा कोरडा पट्टा सहज ओलांडता येत नाही, असे गट आधी घ्यावेत, कारण भूगोलाचा इतिहास त्यांच्याच वस्तीत साठून राहिलेला असतो. वॉलेसने सस्तन प्राण्यांवर भर दिला तो याच कारणासाठी. आपल्याकडे बेडूक आणि गोड्या पाण्यातले मासे या कामाला त्यांहून सरस आहेत. खारे पाणी दोघांनाही मानवत नाही. २००३ मध्ये केरळातून वर्णिलेला जांभळा बेडूक, नासिकाबॅट्रॅकस, याचे सर्वांत जवळचे जिवंत नातेवाईक हिंदी महासागरातल्या सेशेल्स बेटांवर आहेत, आणि हे एकच वाक्य वर्गात सांगितले की भारत, सेशेल्स आणि मादागास्कर कधीकाळी जोडलेले होते हे मुलांना तोंडपाठ करावे लागत नाही. पक्षी उडतात म्हणून ते या अभ्यासात बिनकामाचे, हा समज मात्र खोडून काढावा. पालघाटची खिंड जेमतेम ३०-४० किलोमीटर रुंद आहे, तरी तिच्या उत्तरेला निलगिरीत शोलाकिळीची एक जात आणि दक्षिणेला दुसरी जात राहते. डोंगरमाथ्यावरच्या गर्द रानात जन्मलेल्या त्या पक्ष्याच्या दृष्टीने खालचा उष्ण मोकळा पट्टा समुद्रासारखाच आहे. भुंगेरे, कोळी, गोगलगायी यांच्यावर एकेक टिपण द्यावे, पण त्यांचे नकाशे काढू नयेत. त्या नकाशांत प्राण्यांची वस्ती दिसणार नाही, संग्राहकांची घरे दिसतील.

हाच धोका आजच्या निरीक्षणांत आहे. हौशी निरीक्षकांनी मोबाइलवरून भरलेल्या लाखो नोंदी आज खुल्या आहेत, आणि त्यांचा उपयोग न करणे हा करंटेपणा होईल. पण त्या नकाशावर टाकल्या की ठिपके मुंबई-पुण्याभोवती आणि हमरस्त्यांच्या कडेने दाटतात, आणि गडचिरोलीचा मोठा भाग कोरा राहतो. कोऱ्या जागेचा अर्थ ‘प्राणी नाही’ असा करू नये. रानपिंगळा पुन्हा सापडल्यावरही तो सातपुड्यातला आणि मध्य भारतातला पक्षी मानला जात होता. २०१४ मध्ये तो मुंबईपासून फार दूर नसलेल्या तानसा अभयारण्यात दिसला. तिथे तो आदल्या दिवशी उडून आला नव्हता. म्हणून तुमच्या वहीत ‘आढळला’ आणि ‘आढळला नाही’ यांच्या जोडीला ‘शोधले नाही’ असा तिसरा रकाना हवाच, आणि ‘आढळला नाही’ लिहिताना किती दिवस, कोणत्या ऋतूत, कोणत्या वेळी शोधले हे लिहावे. तिसरा रकाना प्रामाणिकपणे भरला तर तुमचे पुस्तक वाचून एखादा विद्यार्थी नेमका त्या कोऱ्या जागी जाईल.

सीमारेषांना पुस्तकात भरपूर जागा द्या. वॉलेसला १८५६ मध्ये सिंगापूरहून सुलावेसी बेटावरच्या मकासर बंदराला जायचे होते. थेट जहाज मिळेना म्हणून तो बाली आणि लोंबोक या बेटांवरून गेला. बालीत त्याला तांबट आणि सुतार पक्षी दिसले. मधली सामुद्रधुनी त्याच्या हिशेबाने अवघी पंधरा मैलांची. पण ती ओलांडून लोंबोकला उतरला तर ते पक्षी नाहीत, आणि झाडांवर पांढरे काकाकुवे ओरडत आहेत. दोन्ही बेटांची हवा, माती, झाडी जवळपास सारखी. कारण समुद्राच्या तळाशी होते: बालीच्या पश्चिमेकडचा समुद्र उथळ आहे, हिमयुगात पाणी सुमारे १२० मीटर खाली गेले तेव्हा तो जमीन झाला आणि बाली आशियाला जोडले गेले, लोंबोकची सामुद्रधुनी इतकी खोल की ती कधीच कोरडी पडली नाही. या दोन बेटांमधून जाणारी ही रेषा वॉलेसने १८६३ मध्ये नकाशावर लाल रंगात छापली. तरीही सुलावेसी बेट रेषेच्या कोणत्या बाजूला घालावे याविषयी तो आयुष्यभर घुटमळत राहिला आणि १९१० मध्ये, वयाच्या ८७ व्या वर्षी, त्याने आपले आधीचे मत बदलले. तुमच्या वाचकाला रेषा सांगा, आणि हे घुटमळणेही सांगा.

आपल्या दारातली सरकती रेषा माकडांची आहे. उत्तरेकडचे लाल तोंडाचे ऱ्हीसस माकड आणि दक्षिणेकडचे डोक्यावर केसांची टोपी असलेले माकड यांच्यातली सीमा पूर्वीच्या पुस्तकांत पश्चिमेला तापी आणि पूर्वेला गोदावरी अशी दिलेली असे. अलीकडच्या सर्वेक्षणांत ऱ्हीसस या सीमेच्या पुष्कळ दक्षिणेला आढळले आहे, आणि टोपीवाल्या माकडाची जागा त्याने बऱ्याच ठिकाणी घेतली आहे. माणसांनी पकडून दूर नेऊन सोडलेल्या टोळ्यांचाही यात हात आहे. ॲमेझॉनच्या माकडांपासून सुरू झालेला नदीचा प्रश्न तापीकाठी आणून सोडता येतो, आणि वाचक नदीकाठच्या देवळात गेला की वर बघून कोणते माकड आहे ते ओळखू लागतो.

काळाची मिती विसरू नये. वॉलेसने नामशेष प्राण्यांना स्वतंत्र भाग दिला तो योग्यच होता, कारण आजचे वितरण हे चालू सिनेमातले एक चित्र आहे. चाळीसगाव तालुक्यातील पाटणे येथे उत्खननात शहामृगाच्या अंड्यांच्या कवचाचे तुकडे मिळाले आहेत, त्यांपैकी एकावर माणसाने कोरलेली नक्षी आहे. म्हणजे सुमारे २५,००० वर्षांपूर्वी खानदेशात शहामृग चरत होते. चित्ता तर आजोबा-पणजोबांच्या काळापर्यंत होता. १९५२ मध्ये तो भारतातून नामशेष झाल्याचे जाहीर झाले आणि सप्टेंबर २०२२ मध्ये नामिबियातून आठ चित्ते कुनोत आणून सोडले गेले. अशा आणून सोडलेल्या प्राण्यासाठी नकाशात वेगळी खूण ठेवावी, मूळच्या वस्तीच्या रंगात तो मिसळू नये.

यानंतर कारणमीमांसा येते, आणि तिच्याविषयी माझा एक ठाम सल्ला आहे: नोंदींची प्रकरणे आणि कारणांची प्रकरणे वेगवेगळी ठेवा. वॉलेस खंड मोठ्या प्रमाणात जागचे हललेले नाहीत असे मानत होता. पुढे वेगेनरने १९१२ मध्ये खंडवहनाची कल्पना मांडली आणि विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ती भूपट्ट सिद्धांताच्या रूपाने मान्य झाली. वॉलेसची बरीच स्पष्टीकरणे त्यामुळे मोडीत निघाली, तक्ते मात्र टिकले, कारण ते स्पष्टीकरणांत कालवलेले नव्हते. आपल्याकडे मत्स्यतज्ज्ञ सुंदरलाल होरा यांनी सह्याद्रीतल्या डोंगरी ओढ्यांतील मासे ईशान्येकडच्या माशांशी इतके जुळतात ते कसे, याचे उत्तर म्हणून सातपुड्याच्या रांगेवरून झालेल्या स्थलांतराची कल्पना मांडली. त्या कल्पनेवर आक्षेप आले, आनुवंशिक अभ्यासांनी तिचे चित्र गुंतागुंतीचे केले, तरी होरांनी दाखवलेले साम्य हा प्रश्न म्हणून आजही उभा आहे. तुमचे स्पष्टीकरण उद्या चुकले, तर वाचकाला ते प्रकरण बाजूला ठेवून बाकीचे पुस्तक वापरता आले पाहिजे.

नकाशांविषयी आता थोडे, कारण यात मी स्वतः चूक केली आहे. एका जिल्हावार पुस्तिकेसाठी मलबारी कवड्या धनेशाचा नकाशा मी काढला होता. हा पक्षी कोकणातही आहे आणि मध्य भारताच्या पूर्वेकडच्या जंगलांतही. मी दोन्हीकडचे ठिपके पाहिले आणि मधला सारा पट्टा रंगवून टाकला. सोलापुरातील एका शिक्षकांनी पत्र लिहिले की, वीस वर्षे मी या माळावर फिरतो आहे, धनेश बसेल एवढे वडाचे झाडही इथे कोसभर चालल्याशिवाय भेटत नाही. ते पत्र मी अजून जपून ठेवले आहे. तेव्हापासून मी ठिपक्यांचाच नकाशा काढतो, आणि दोन ठिपक्यांमधली जागा रंगवायची तर तिथे त्या प्राण्याला राहण्याजोगे रान किंवा पाणी आहे याचा वेगळा पुरावा मागतो. छपाई काळी-पांढरी असणार, म्हणून जुन्या नोंदींना पोकळ वर्तुळ, अलीकडच्यांना भरीव, संशयितांना प्रश्नचिन्ह एवढ्यावर भागवावे. डोंगर आणि नद्या फिकट रेषेत दाखवाव्यात, कारण त्यांच्याशिवाय ठिपके मुके असतात. देशाच्या सीमा भारतीय सर्वेक्षण विभागाच्या नकाशाप्रमाणेच असाव्यात, नाहीतर छापून झाल्यावर अडचण येते. आणि खवल्या मांजर किंवा विक्रीसाठी पकडल्या जाणाऱ्या सरड्यांसारख्या प्राण्यांचे नेमके ठिकाण छापू नये; वहीत ते असावे, पुस्तकात तालुक्यावर थांबावे.

परिभाषा पहिल्या पानावरच ठरवून टाका. ‘प्रजाती’ हा शब्द वर्तमानपत्रे जातीसाठी वापरतात, काही पाठ्यपुस्तके वंशासाठी. तुम्ही जाती, वंश आणि कुल हे तीनच शब्द घ्या आणि शेवटपर्यंत सोडू नका. ‘प्रदेशनिष्ठ’ म्हणताना कोणता प्रदेश ते प्रत्येक वेळी लिहा. शेकरू फक्त भीमाशंकरला सापडते असे सर्रास छापले जाते. ती जात भारताबाहेर नाही हे खरे, पण भारतात ती सह्याद्रीभर, सातपुड्यात आणि पूर्व घाटातही आहे, आणि भीमाशंकरचे ते तिचे एक रूप. जातीचे वितरण, रूपाचे वितरण आणि अभयारण्याची कीर्ती या तीन गोष्टी त्या एका वाक्यात एकमेकींत अडकल्या आहेत.

एवढे ठरले की प्रकरणांची यादी करत बसू नका. आधी एकाच प्राण्याचे चार पानांचे नमुना-लेखन करा. मी तुमच्या जागी असतो तर चाळकेवाडीचा सरडा घेतला असता. पावसाळ्याआधी, मे महिन्यात, सकाळी आठच्या सुमारास पठारावर जा. पवनचक्क्यांची पाती डोक्यावर फिरत असतात, दगड तापू लागलेले असतात, आणि वीतभर उंचीच्या धोंड्यावर चढून नर गळ्याची झालर उघडतो, मिटतो, पुन्हा उघडतो. तो दिसला त्या जागेचे अक्षांश-रेखांश, उंची, वेळ, जमीन कशी आहे, किती नर, किती माद्या हे तिथेच उभे राहून लिहा. मग पठार उतरून चारही दिशांना, तो दिसायचा थांबतो तिथपर्यंत चाला, आणि थांबला त्या जागीही नोंद करा. ती चार पाने आणि ती वही माझ्याकडे पाठवलीत, तर पुस्तकाच्या बाकी आखणीविषयी आपल्याला पुष्कळ नेमकेपणाने बोलता येईल.